आधी गाव की आधी शाळा? मुलांसह इंग्लंडला निघालेल्या पालकांपुढचा प्रश्न

कंपनीकडून इंग्लंडची बदली पक्की झाली की पुण्यामुंबईच्या घरांत दोन याद्या सुरू होतात. पहिली बॅगांत काय भरायचं याची, ती घरातली वडीलधारी माणसं सांभाळतात. दुसरी गावांची: स्लाऊ, रेडिंग, हॅरो, वॉटफर्ड, मिल्टन कीन्स, मँचेस्टरजवळचं ऑल्ट्रिंकम. आधी ऑनसाइट जाऊन आलेले सहकारी, कॉलेजच्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि तिकडे स्थायिक झालेली कुणाची तरी मामेबहीण यांच्या सल्ल्यावर ही यादी वाढत जाते आणि प्रत्येक गावापुढे एखाद्या शाळेचं नाव येऊन बसतं. पंचाईत अशी की हे सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. एक जण म्हणतो, परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या ग्रामर शाळेचं गाव सोडून कुठेही जाऊ नका. दुसरा म्हणतो, शाळा सगळीकडे सारख्याच, ऑफिसला जायला सोपं पडेल ते बघा. तिसऱ्याचं म्हणणं, आजूबाजूला आपली माणसं हवीत, बाकी सगळं जमतं.

तिघांच्याही म्हणण्याला काही आधार आहे. तो किती पक्का आहे आणि कुठे सुटतो, हे पाहण्यासाठी हा आढावा. तो इंग्लंडपुरता आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड इथल्या शाळा आणि परीक्षा वेगळ्या पद्धतीने चालतात, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांचे अनुभव इंग्लंडला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

पत्त्याशिवाय अर्ज नाही

इंग्लंडमधल्या सरकारी शाळांना फी नाही. कामाच्या व्हिसावर आलेल्या आईबापांच्या मुलांनाही त्या खुल्या असतात. अडतं ते पत्त्यावर. एखाद्या शाळेकडे जागांपेक्षा अर्ज जास्त आले, की शाळेने आधी जाहीर केलेल्या क्रमाने जागा वाटल्या जातात. विशेष गरजांची कायदेशीर योजना असलेली मुलं आणि सरकारी देखभालीखालची मुलं सर्वांत आधी. मग बहुतेक ठिकाणी त्या शाळेत आधीच शिकणाऱ्यांची भावंडं. उरलेल्या जागा घरापासूनच्या अंतरावर. चर्चशी किंवा अन्य धर्मसंस्थेशी जोडलेल्या शाळांत उपासनेला हजेरी वगैरे अटीही येतात.

अंतर बऱ्याच ठिकाणी रस्त्याने मोजत नाहीत. घराच्या एका ठरावीक बिंदूपासून शाळेच्या ठरावीक बिंदूपर्यंत संगणकावर सरळ रेषा काढतात. गेल्या वर्षी शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली, तो आकडा अनेक स्थानिक कौन्सिलांच्या प्रवेश-पुस्तिकेत मैलाच्या दशांशात, कधी तिसऱ्या स्थळापर्यंत छापलेला असतो. मागणी असलेल्या प्राथमिक शाळेत तो अर्ध्या मैलाच्या आत येतो. म्हणजे एकाच रस्त्याच्या या टोकाला शाळा मिळते आणि त्या टोकाला मिळत नाही. वर हा आकडा दर वर्षी हलतो. एखाद्या वर्षी भावंडं जास्त निघाली की वर्तुळ आक्रसतं. त्यामुळे घर दाखवणारा एजंट ‘अमुक शाळेच्या कॅचमेंटमध्ये’ म्हणतो तेव्हा तो फार तर गेल्या वर्षीची हकीकत सांगत असतो.

नेहमीच्या प्रवेशांचं वेळापत्रक पक्कं आहे. माध्यमिक शाळेसाठी, म्हणजे इयर सेव्हनसाठी, अर्ज आदल्या ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि निकाल १ मार्चला. चार वर्षं पूर्ण झालेल्या मुलांच्या रिसेप्शन वर्गासाठी अर्ज १५ जानेवारीपर्यंत आणि निकाल १६ एप्रिलला. भारतातून बदलीवर येणारं कुटुंब या तारखांत क्वचितच बसतं. ते येतं कंपनीच्या सोयीने, मग ऑगस्ट असो की फेब्रुवारी. त्यांच्यासाठी वर्षाच्या मधला प्रवेश असतो. २०२१च्या प्रवेश-संहितेनुसार अशा अर्जाचं उत्तर शाळेचे १५ कामाचे दिवस संपण्याच्या आत द्यावं लागतं. उत्तर ‘जागा नाही’ असंही असू शकतं. मग प्रतीक्षायादी. तिच्यात नाव आधी घातलं म्हणून नंबर वर राहत नाही. नंतर अर्ज केलेलं, पण शाळेच्या जवळ राहणारं मूल पुढे सरकतं. पहिल्या तीन वर्गांत (रिसेप्शन, इयर वन, इयर टू) एका शिक्षकामागे ३० मुलांची मर्यादा कायद्याने घातलेली आहे. त्यामुळे तिथे अपिलात जाऊनही सहसा हाती काही लागत नाही. सहा आणि नऊ वर्षांची दोन भावंडं वर्षभर दोन वेगळ्या शाळांत जातात, असं नव्याने आलेल्या घरांत घडतं. सकाळी पावणेनऊला दोन फाटकांपाशी एकाच वेळी कसं पोचायचं, हा मग त्या घरातला सर्वांत मोठा शैक्षणिक प्रश्न असतो.

बरीच कौन्सिलं मूल देशात आल्याशिवाय आणि भाडेकरार दाखवल्याशिवाय अर्ज पुढे नेत नाहीत. पुण्याच्या वाकडमध्ये बसून शाळा पक्की करणं म्हणूनच सहसा शक्य नसतं. फार तर कोणत्या वर्गात कुठे जागा रिकाम्या आहेत, हे कौन्सिलला ईमेलवर विचारता येतं. हे फार थोडे लोक विचारतात. लंडनच्या मध्यवर्ती भागात गेल्या काही वर्षांत जन्म घटले, भाडी वाढली, कुटुंबं बाहेर गेली. हॅकनी, लॅम्बेथ, सदर्क, कॅमडन या भागांत पटसंख्येअभावी प्राथमिक शाळा बंद किंवा विलीन झाल्या. एकीकडे अर्ध्या मैलाची झुंबड आणि दुसरीकडे रिकामे वर्ग, असं हे एकाच शहरातलं चित्र आहे.

वाद मुळात त्यांचा

शाळा पाहून घर घेण्याचा नाद भारतीयांनी तिकडे नेलेला नाही. तो इंग्रजांच्या घरचा जुना वाद आहे आणि आपण त्यात मधेच जाऊन बसतो.

१९४४च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षीची परीक्षा, इलेव्हन प्लस, सार्वत्रिक झाली. पास झालेले ग्रामर शाळेत, उरलेले बहुतांश सेकंडरी मॉडर्नमध्ये. या परीक्षेत मध्यमवर्गाची मुलं जास्त निवडली जातात, ही टीका वाढत गेली. १९६५मध्ये मजूर सरकारने १०/६५ या क्रमांकाचं परिपत्रक काढून कौन्सिलांना सर्वसमावेशक शाळांकडे वळायला सांगितलं. पुढच्या दशकात बहुतेक ग्रामर शाळा बंद किंवा रूपांतरित झाल्या. त्यांतल्या सर्वाधिक मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना झाल्या, हे त्यांच्या पक्षाला आजही फारसं आठवायला आवडत नाही. केंट, बकिंगहॅमशर, लिंकनशर, ट्रॅफर्ड, स्लाऊ, सटन अशा काही ठिकाणी त्या तगल्या. १९९८च्या कायद्याने नव्या ग्रामर शाळांना मनाई केली. आज इंग्लंडभर त्या १६३ आहेत आणि सरकारी माध्यमिक शाळांतली साधारण ५ टक्के मुलं त्यांत शिकतात.

दुसरा धागा १९८८च्या कायद्याचा. पालकांनी शाळा निवडावी, मुलांमागोमाग पैसा जावा आणि त्यामुळे शाळा सुधाराव्यात, अशी ती कल्पना होती. निवडायचं तर माहिती हवी, म्हणून १९९२पासून निकालांचे तक्ते छापायला सुरुवात झाली आणि त्याच वर्षी तपासणीसाठी ऑफस्टेड ही संस्था स्थापन झाली. ‘आउटस्टँडिंग’, ‘गुड’ अशा शब्दांच्या पाट्या शाळांच्या कुंपणावर झळकू लागल्या आणि घरांच्या जाहिरातींतही शिरल्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे स्टीव्ह गिबन्स, स्टीफन मेचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कौन्सिलांच्या सीमेच्या दोन बाजूंची घरं ताडून पाहिली. प्राथमिक शाळेचा निकाल एका ठरावीक सांख्यिकी पायरीने वर गेला की जवळच्या घरांच्या किमती सुमारे ३ टक्क्यांनी चढतात, असं त्यांना दिसलं. फी नसलेल्या शाळेची किंमत अशी घरात वसूल होते.

निकाल पाहून गाव

पहिली बाजू निकालांची. आपल्या लोकांत तीच सर्वांत जोरकस आहे. मांडणी सरळ आहे: गावात ग्रामर शाळा असेल तर मुलाला हुशार संगत मिळते, शिक्षकांच्या अपेक्षा उंच असतात आणि तेही फीशिवाय. स्लाऊत चार ग्रामर शाळा आहेत. रेडिंगमध्ये मुलांसाठी रेडिंग स्कूल आणि मुलींसाठी केंड्रिक. २०२२मध्ये एलिझाबेथ लाइन सुरू झाल्यावर या दोन्ही गावांहून लंडनच्या कचेऱ्या गाठणं सोपं झालं, आणि ही गावं आयटीवाल्यांच्या यादीत आणखी वर गेली. चौथी-सातवीची स्कॉलरशिप, नवोदय, आयआयटीचे क्लास यांत वाढलेल्या पालकांना प्रवेशपरीक्षेचं वावडं नसतं. उलट ओळखीचं काही सापडल्याचा दिलासाच मिळतो.

या बाजूची अडचण वेळापत्रकात आहे. परीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीला, सप्टेंबरात होते, आणि तिची नोंदणी त्याआधीच्या उन्हाळ्यात संपते. समजा, वाकडचं एक कुटुंब ऑक्टोबरात स्लाऊला पोचलं. मुलगी दहा वर्षांची, पुण्यात पाचवीत. इंग्लंडमध्ये वर्ग आधीच्या इयत्तेवरून ठरत नाही, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या जन्मतारखेच्या चौकटीवरून ठरतो. ती इयर सिक्समध्ये बसते. परीक्षा महिन्यापूर्वी होऊन गेलेली असते. काही ठिकाणी उशिरा येणाऱ्यांची परीक्षा घेतात, पण तोवर जागांचं वाटप सुरू झालेलं असतं. ज्या शाळेसाठी स्लाऊ निवडलं, ती या मुलीसाठी निदान त्या वर्षी बंद असते, आणि घराचं भाडं मात्र ग्रामरच्या गावाचं. दोन वर्षं आधी आलेल्यांनाही परीक्षा सोपी नसते. इंग्रजी आणि गणिताबरोबर शब्दांची आणि आकृत्यांची तर्कचाचणी असते, तिच्यासाठी शिकवण्या लावाव्या लागतात, आणि सटनसारख्या ठिकाणी दूरदूरची मुलं बसतात.

शेजारची शाळा पुरे

दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात की चांगल्या निकालाचं श्रेय शाळेचं किती आणि आत येणाऱ्या मुलांचं किती. हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत १९६६च्या कोलमन अहवालाने घरच्या परिस्थितीचा वाटा शाळेपेक्षा मोठा ठरवला, तेव्हापासून तो मिटलेला नाही. इंग्लंडमध्ये अलीकडे त्याला दोन अभ्यासांनी धार आणली. २०१८मध्ये किंग्ज कॉलेज लंडनच्या संशोधकांनी दाखवलं, की निवड करणाऱ्या आणि न करणाऱ्या शाळांच्या सोळाव्या वर्षीच्या निकालांतली तफावत मुख्यतः प्रवेशाच्या वेळी मुलांमध्ये असलेल्या फरकातूनच येते. सोफी फॉन श्टुम आणि सहकाऱ्यांनी ऑफस्टेडच्या शेऱ्यांकडे पाहिलं. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेच्या निकालांतल्या फरकांपैकी सुमारे ४ टक्केच या शेऱ्यांशी जुळतात, आणि मुलाची आधीची प्रगती आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतली की तो वाटा १ टक्क्याच्याही खाली जातो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

याचा अर्थ शाळा कुठलीही चालेल असा काढणं घाईचं ठरेल. हे अभ्यास सरासरीबद्दल बोलतात. एखाद्या शाळेत शिक्षक टिकत नाहीत, दमदाटी चालते, हे पालकांच्या दृष्टीने सरासरीच्या बाहेरचं पण अगदी खरं असतं. ग्रामरच्या बाजूचे अभ्यासक असंही म्हणतात, की काठावर निवडल्या गेलेल्या मुलांना होणारा फायदा अशा मोजणीत दडून जातो.

तपासणीच्या शेऱ्यांवरचा सर्वसाधारण विश्वास मात्र उतरला आहे. ‘आउटस्टँडिंग’ शाळांना २०१२ ते २०२० नियमित तपासणीतून सूट होती, त्यामुळे काही पाट्या दहा वर्षं जुन्या होत्या. जानेवारी २०२३मध्ये रेडिंगमधल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी आत्महत्या केली. तपासणीचा त्यात हातभार होता, असं वर्षअखेरीच्या चौकशीत नमूद झालं. सप्टेंबर २०२४पासून सरकारी शाळांना एका शब्दाचा एकूण शेरा देणं बंद झालं आणि नोव्हेंबर २०२५पासून वेगवेगळ्या बाबींवर स्वतंत्र दर्जा देणारं प्रगतिपुस्तक आलं. दरम्यान शाळेने मुलाला किती पुढे नेलं हे मोजणारा, २०१६पासूनचा ‘प्रोग्रेस एट’ हा आकडा २०२५ आणि २०२६च्या दहावीसमकक्ष मुलांसाठी काढता येत नाही, कारण कोविडमुळे त्यांच्या प्राथमिक परीक्षाच झाल्या नव्हत्या. थोडक्यात, बाहेरून पाहणाऱ्या पालकासाठी शाळा जोखण्याची हत्यारं सध्या बोथट आहेत.

आपली माणसं आणि ‘लंडनचा परिणाम’

तिसरी बाजू वस्तीची. हॅरो, हाउन्स्लो, स्लाऊत मंदिर आहे, कढीपत्ता आहे, मुलाला डब्यातल्या पोळीभाजीवरून कुणी काही विचारत नाही. नवऱ्याबरोबर नोकरी सोडून आलेल्या बाईला बोलायला कुणी असतं, हे या बाजूचं सर्वांत वजनदार कारण आहे आणि शाळांच्या तक्त्यांत ते कुठेच येत नाही. उलट बाजूचा आक्षेप असा, की वर्गात निम्मी मुलं भारतीय असतील तर इतक्या लांब कशाला आलो, आणि इंग्रजी कुणाकडून ऐकणार? दुसऱ्या शंकेवर थोडा पुरावा आहे. चार्लोट गी, सँड्रा मॅकनॅली आणि श्किपोन्या तेल्हाय यांच्या २०१३च्या अभ्यासात, घरी दुसरी भाषा बोलणाऱ्यांची संख्या वर्गात वाढल्याने इंग्रजी मातृभाषेच्या मुलांचं नुकसान झाल्याचं दिसलं नाही. नव्याने आलेल्या मुलाचं काय होतं, हे मात्र तो अभ्यास सांगत नाही.

या बाजूला सर्वांत रंजक जोड लंडनच्या वादाची आहे. नव्वदच्या दशकात लंडनच्या सरकारी शाळा देशात मागे गणल्या जात. पुढच्या दोन दशकांत त्या सर्वांत पुढे गेल्या. का? २००३ ते २०११ चाललेली ‘लंडन चॅलेंज’ योजना, असं एक उत्तर. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या अभ्यासकांनी नव्वदच्या दशकापासूनच्या प्राथमिक शाळांच्या सुधारणेकडे बोट दाखवलं. ब्रिस्टॉल विद्यापीठाचे सायमन बर्जेस यांनी २०१४मध्ये वेगळंच सांगितलं: लंडनच्या मुलांची जास्तीची प्रगती जवळपास सगळी तिथल्या लोकसंख्येच्या घडणीतून समजते. स्थलांतरितांची मुलं झटून अभ्यास करतात आणि लंडनमध्ये ती जास्त आहेत. हे मत खरं असेल, तर लंडनच्या शाळांचे निकाल पाहून तिथे घर घेणारा मराठी बाप अंशतः स्वतःच्याच घरातल्या शिस्तीची किंमत भाड्यात मोजत असतो. चिनी आणि भारतीय वंशाच्या मुलांचे सरासरी गुण सरकारी आकडेवारीत वर्षानुवर्षं सर्वांत वर आहेत, हे खरं. पण त्या ‘भारतीय’मध्ये तीन पिढ्या लेस्टरमध्ये काढलेली मुलं आणि मागच्या महिन्यात हिथ्रोवर उतरलेलं मूल एकाच रकान्यात मोजलं जातं.

फीच्या शाळा आणि दहावीचा मुक्काम

फीच्या शाळांचा पर्याय बहुतेक मराठी घरांत बेरजेपाशीच संपतो. दिवसाच्या शाळेची सरासरी वार्षिक फी २०२४च्या सुमारास १८ हजार पाउंडांच्या घरात होती आणि १ जानेवारी २०२५पासून फीवर २० टक्के व्हॅट लागला. दोन मुलं असतील तर बोलणं खुंटतं.

दुसरा पर्याय तिकडच्या चर्चेत कधी येत नाही, पण आपल्याकडे सर्रास घेतला जातो: मोठं मूल दहावी होईपर्यंत आजी-आजोबांकडे किंवा आईबरोबर इथेच ठेवायचं. हा निर्णय भावनेचा म्हणून हिणवला जातो, पण तो व्यवहाराने कच्चा नाही. इंग्लंडमध्ये जीसीएसईचा अभ्यास इयर टेन आणि इलेव्हन असा दोन वर्षांचा. विषय इयर नाइनमध्येच निवडलेले, साहित्याच्या पेपरात शेक्सपिअर, आणि शाळेशाळेत परीक्षा मंडळ वेगळं. त्या मधोमध पोचणाऱ्या मुलाला उरलेल्या महिन्यांत सगळं गोळा करावं लागतं. दहावी करून गेलेल्याला सप्टेंबरात तीन विषयांच्या, बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हलला नव्याने सुरुवात करता येते. अर्थात दहावीचे गुण कसे धरायचे, हे त्या त्या कॉलेजावर असतं.

या उशिरा जाण्याची किंमत विद्यापीठात मोजावी लागते. स्थानिक विद्यार्थ्याच्या फीचा दर मिळण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांचं वास्तव्य आणि कायमस्वरूपी राहण्याचा दर्जा लागतो. सोळाव्या वर्षी गेलेलं मूल अठराव्या वर्षी यांतलं काहीच दाखवू शकत नाही. २०२५-२६मध्ये स्थानिकांसाठी फीची कमाल मर्यादा ९,५३५ पाउंड होती. परदेशी विद्यार्थ्याचा दर त्याच्या दुप्पट-तिप्पट, काही अभ्यासक्रमांना त्याहून जास्त असतो. कायम वास्तव्याची नेहमीची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा प्रस्ताव सरकारने मे २०२५मध्ये मांडल्यापासून लहान मुलांच्या आईबापांनाही हा हिशेब करावा लागतो आहे.

वयाची बाजू

या सगळ्या बाजू गाव आणि शाळेभोवती फिरतात. उपलब्ध पुराव्याचा कल मात्र मूल कोणत्या वयात पोचतं याला जास्त वजन देण्याकडे आहे, असं माझं मत झालं आहे. टोरोंटोचे जिम कमिन्स यांनी १९७९पासून मांडलेला भेद इथे कामाचा आहे. मैदानावरची, गप्पांची भाषा मूल दोनेक वर्षांत उचलतं. पुस्तकातली, उत्तरपत्रिकेची भाषा समवयस्कांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. ऑक्सफर्डचे स्टीव्ह स्ट्रँड यांनी इंग्लंडच्या आकडेवारीवर दाखवलं, की ‘इंग्रजी ही दुसरी भाषा’ या सरसकट शिक्क्यावरून काहीच कळत नाही. मुलाचं इंग्रजी नेमकं किती पक्कं आणि ते कधी आलं, यावर निकाल ठरतात. शालेय वयाच्या शेवटी आलेली मुलं मागे पडतात.

आपल्याकडचे पालक इथे म्हणतात, आमची मुलं इंग्रजी माध्यमातली आहेत. ते बरोबरच आहे, आणि गणितात ती पहिले काही महिने पुढे असतात. पण इयर फोरच्या वर्गात शिक्षिका एका परिच्छेदावरून ‘या पात्राला असं का वाटलं असेल?’ विचारते, उत्तर पुस्तकात नसतं, आणि घोकून पाठ केलेल्या प्रश्नोत्तरांची सवय असलेलं मूल गप्प बसतं. ऑक्टोबरच्या पालकभेटीत शिक्षिका ‘शी इज व्हेरी क्वाएट’ म्हणते. आईला ती स्तुती वाटते.

सात वर्षांच्या आतल्या मुलासाठी गाव निवडताना निकालांचे तक्ते जवळजवळ निरुपयोगी आहेत. तिथे रिकामी जागा, दोन्ही भावंडं एका शाळेत आणि आईबापांचा प्रवास कमी, याला अर्थ आहे. आठ ते दहाच्या मुलासाठी ग्रामरचा विचार करायचा, तर आधी तारखा जुळतात का हे पाहायला हवं. अकरा ते तेरा या वयात शाळेतल्या शिस्तीची चौकशी करावी, कारण नव्या मुलाला मित्र मिळणं याच वयात सर्वांत अवघड जातं. चौदाच्या पुढे शाळा एकदा लागली की घर बदलायचं नाही, इतकं कबूल करूनच गाव ठरवावं. अमेरिकेतल्या ‘मूव्हिंग टु अपॉर्च्युनिटी’ प्रयोगाच्या नोंदींवरून राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये असंच काहीसं दाखवलं: चांगल्या वस्तीत तेराच्या आत गेलेल्यांचा फायदा झाला, मोठ्यांचा झाला नाही, उलट थोडा तोटा दिसला. ती कुटुंबं गरीब होती आणि देश बदलत नव्हती, म्हणून हा पुरावा दुरूनच पाहावा.

न सुटलेलं

परतीचा प्रश्न जवळजवळ कुणीच अभ्यासलेला नाही. ऑनसाइटची मुदत दोन वर्षांची असते, पाच होतात, आणि मुलगा तेरा वर्षांचा असताना प्रोजेक्ट संपतो. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं केलं. रिसेप्शनपासून तिकडे शिकलेलं मूल आठवीत परत आलं की बाराखडीपाशी अडतं. जीसीएसईला गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू हे विषय घेता येतात, मराठी घेता येत नाही. त्यामुळे तिथली शाळा कितीही चांगली असली तरी मराठी घरावर किंवा तिथल्या महाराष्ट्र मंडळांच्या रविवारच्या वर्गांवर सोपवलेली राहते.

आणि मुलांचं स्वतःचं म्हणणं. निकाल मोजले गेले, घरांच्या किमती मोजल्या गेल्या, तपासनिसांचे शेरे मोजले गेले. स्थलांतरित भारतीय मुलांना ती शाळा, ते गाव कसं वाटलं, यावर मराठी वाचकाच्या हाती पडेल असं फारच थोडं आहे. सरकारी आकडे ‘भारतीय’ या रकान्यापाशी थांबतात.

ही उणीव भरून काढायला सरकारची गरज नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून उभं आहे आणि इंग्लंडभर इतर मंडळं आहेत. कुटुंब कोणत्या साली, कोणत्या गावी आलं, मुलं तेव्हा किती वर्षांची होती, कोणत्या वर्गात जागा मिळाली, परत गेलं की राहिलं, एवढे पाच प्रश्न गणेशोत्सवाच्या नोंदणी अर्जात, नाव न विचारता, घालायला मंडळांनी सुरुवात करावी. पुढच्या वर्षी निघणाऱ्या आईबापांना व्हॉट्सॲपवरच्या मामेबहिणीपेक्षा जास्त भरवशाचं काही हाती लागेल.